गोजराबाईचा वात

श्रावणातल्या त्या रविवारी गोजराबाईचा उजवा हात नेहमीसारखा जड होता आणि जीभ नेहमीसारखी हलकी.

"एवढ्या हलक्या हातानं तर मी गुलाबसुद्धा उचलत नाय," ती लेकीला म्हणाली. "एवढं शिकलीस ते काय मुंग्या हाकलायला?"

पल्लवीची बोटं आईच्या गळ्याजवळच्या खळगीत सावकाश फिरत होती. ती हसली, पण थांबली नाही.

"आपल्या गल्लीतली मालीशवाली बघ. कशी रगडते! वर तेल पण लावते. तुझं सगळं कोरडंच."

"तेलानं बोट घसरतं, आई. इथं कातडी तेवढी हलवायची. आत साचलेल्या पाण्याला वाट करून द्यायची. द्वारकेच्या चौकातल्या कोंडीसारखं आहे हे. पुढच्या गाड्या निघाल्या की मागच्या आपोआप सरकतात."

"द्वारका कधी मोकळी झालीय का गं?"

यावर मात्र पल्लवीला थांबून हसावं लागलं.

गोजराबाईच्या मखमलाबादच्या घरात ही हुज्जत रोज सकाळी व्हायची. पल्लवी द्वारकेला राहायची, तिथंच एका दवाखान्याच्या माडीवर तिची खोली होती. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे हातपाय सुजतात अशा बाया तिच्याकडे यायच्या. त्याआधी ती सातपूरला फिजिओथेरपिस्ट म्हणून कामगारांच्या पाठी आणि खांदे बघायची. हे हलक्या हाताचं काम ती शिकली ते एकाच माणसासाठी. गोजराबाईचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, जीव वाचला, आणि काही महिन्यांनी हात फुगायला लागला. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, याची रोज निगा राखावी लागते. पल्लवी पुण्याला जाऊन ती निगा शिकून आली.

पण हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या गोजराबाईनं नवऱ्याला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं होतं, "कुणी इचारलं तर वात म्हणायचं. माझी शपथ हाय तुम्हाला."

गोजराबाई फुलबाजारात हार ओवायची. गणेशवाडीत तिच्या हाराला नाव होतं, लोक लांबून यायचे. "रोगी हातानं ओवलेला हार देवाला कोण घालंल?" ती म्हणाली होती. पल्लवीनं आयुष्यात कपाटंच्या कपाटं वाचली होती, पण त्या प्रश्नाला तिला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. मग वात ठरला. मनगटापर्यंत बाहीचं पोलकं, आत पट्ट्या, आणि सहा वर्षं बाजारात एकच बोलणं : गोजराला वात आहे आणि तिची पोरगी तो उतरवते.

त्या रविवारी पट्टी बांधून झाल्यावर गोजराबाई उठली. वरच्या फळीवरचा पिठाचा डबा तिनं त्याच हातानं खाली ओढला, आणि लेकीकडं असं बघितलं, जणू कुस्ती मारून आली होती. मग शेवंतीच्या भावावरून नवऱ्याशी भांडली. संध्याकाळी हार ओवायला बसताना लेकीला म्हणाली, "उद्या लवकर ये. सोमवार हाय, लय हार जातील."

पल्लवी लवकर आली. गोजराबाई उठलीच नव्हती. झोपेत हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सरनं तिला नेलं नाही आणि हातानंही नाही. हाताची सूज त्या दिवशीही उतरलेलीच होती.

पल्लवी चारचौघांत रडली नाही. दिवस झाले, आलेले लोक गेले, ती पुन्हा कामाला लागली. सकाळी त्या ठरलेल्या वेळेला तिची बोटं तिच्याच गळ्याजवळच्या खळगीकडं जायची. मग ती त्यांना चहा करायला लावायची.

गणपती गेल्यावर सुवर्णाकाकू पल्लवीच्या दवाखान्यातल्या खोलीत आली. बाजारात गोजराबाईच्या शेजारी तिची जागा, मैत्री जन्मभराची. साखर आणि वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी तिला आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं होतं. काकू निम्मी झाली होती. बाजार तिचं कौतुक करत होता आणि ती ते कौतुक पदर सारखा करून करून ऐकत होती.

"हे बघ," तिनं मोबाइल पुढं केला. पार्लरमधली एक बाई सांगत होती की वजनाच्या इंजेक्शनची सूज आणि सगळा त्रास एका मालिशीत उतरतो. "माझं सगळं जुळतंय बघ. मळमळ हाय, केस गळतात, पोट साफ नाय. आणि हा हात. इंजेक्शनचं पाणी हातात उतरलंय. आता पार्लरवालीला कशाला पैसे देऊ, तू असताना?"

"काकू, मळमळ आणि पोट यांना मालीश नाही. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना सांग, ते प्रमाण कमी करतील. आणि औषधानं सूज आली तर ती अशी एकाच हाताला येत नाही."

"गोजरालाबी एकाच हाताला होती की."

पल्लवीनं दार लोटलं. तिनं काकूला बसवलं. आधी गळा बघितला, मग काख. काखेत बोटाखाली काहीतरी लागलं. कडक, जागचं न हलणारं. तिनं हात काढून घेतला.

"आधी डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी कर. त्याशिवाय मी हात लावणार नाही. मी येते तुझ्याबरोबर, आजच जाऊ."

"गोजराची केली होतीस का सोनोग्राफी? वात होता तो. तू उतरवलास, मी शेजारी बसून बघितलाय." काकू उठली. तिला खरंच लागलं होतं. "आई गेली तशी मायाबी गेली म्हणायची."

नंतर पल्लवीनं फोन केले, काकूनं उचलले नाहीत. ती घरी गेली, काकूनं चहा पाजला आणि सुनेच्या देखत तिची टिंगल केली. पार्लरवालीनं दसरा झाला की यायला सांगितलं होतं, तिघी-चौघींना मिळून स्वस्तात. हाताच्या सुजेला काकू भीत नव्हती. भ्यायचं कशाला? गोजरा तो हात घेऊन सहा वर्षं हसतखेळत जगली होती. वात तर होता.

आईचा तो एक शब्द आता काकूच्या काखेतल्या गाठीवर पांघरूण घालून बसला होता.

"अण्णा, काकूला खरं सांगावं लागेल," पल्लवी वडलांना म्हणाली. मोतीरामअण्णा ओट्यावर झेंडू निवडत होते. बायको गेल्यावर ते हार ओवायला बसू लागले होते. हार बेताचेच व्हायचे, पण लोक गोजराबाईच्या नावावर घेऊन जायचे.

"दसरा होऊ दे," ते म्हणाले.

"दसऱ्यानंतर ती पार्लरमध्ये जाणार."

"बाजारात एकीला सांगितलं की सगळ्यांना कळतं. तुझ्या आईच्या हाराला लोक काय म्हणतील?" एक झडलेलं फूल बाजूला टाकून ते म्हणाले, "तिनं शपथ घातलीय, पल्लवी."

"मलाही घातलीय."

पल्लवी चप्पल घालून निघाली.

सुवर्णाकाकू आज धडधाकट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाठ वेळेत निघाली. औषधं झाली, केस गेले, आणि पहिल्यापेक्षा कुरळे होऊन परत आले. वजनाच्या इंजेक्शनचं काय करायचं ते डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीनं ठरवलं. ती रोज हाताला पट्टी बांधते. बाही कोपराच्या वर दुमडून बसते, आणि कुणी हाताकडं टक लावून बघितलं तर त्या बाईलाच तपासणीला पाठवते. पल्लवीच्या हलक्या हाताला ती आजही नावं ठेवते, अगदी गोजराबाईच्या तोऱ्यात. पण हे सगळं नंतरचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं.

त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. केशरी आणि पिवळ्या झेंडूचे ढीग लागले होते, टेम्पो मागं घेताना आरडाओरड चालली होती. पल्लवी बाहेर रिक्षा उभी करून गर्दीतून आत शिरली. काकू गोणपाटावर बसून ओवत होती. उजवा हात मांडीवर टेकवलेला, बोटं टम्म, सुई डाव्या हातात.

"आली बघा डॉक्टरीण!" काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हात लावत नाय, नुसती बोलते."

"अगं लाव की हात," समोरून भागीबाई म्हणाली. ती आपट्याची पानं विकत होती. "गोजरा असती तर तिनंच सांगितलं असतं, वात हाय, उतरतो म्हणून."

"वातच तो," आणखी एकजण म्हणाली. "माझ्या सासूलाबी होता."

"काकू, जरा बाजूला ये," पल्लवी म्हणाली. "दोन मिनिटं."

"दोन पोती झेंडू पडलाय माझ्यापुढं. बोलायचं ते इथंच बोल. माझं काय चोरीचं हाय का?"

बायकांचे हात थांबले नव्हते, पण कान इकडंच होते. शेजारच्या जागेवर अण्णा बसले होते. एक गिऱ्हाईक त्यांच्यापुढं वाकून देवीच्या मोठ्या हाराचा भाव विचारत होतं. पल्लवीनं वडलांकडं बघितलं. अण्णांनी हातातली सुई झेंडूत खोचली. मान हलवली नाही, डोळ्यांनी अडवलंही नाही. गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा थांबा. माझी मुलगी बोलतेय."

पल्लवीचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. पण टेम्पोचा भोंगा, भाव, घासाघीस, सगळ्याच्या वर तो लागला, आणि ऐकताना तिचं तिलाच नवल वाटलं.

"माझ्या आईला वात नव्हता," ती म्हणाली. "कॅन्सर होता."

"काय बोलतीस गं," काकूची सुई थांबली.

"छातीचा कॅन्सर. सहा वर्षांपूर्वी. गाठ लागल्याबरोबर ती दवाखान्यात गेली, म्हणून पुढची सगळी वर्षं तिला मिळाली. हात त्यानंतर सुजला. कुठल्या इंजेक्शननं नाही आणि वातानंही नाही. आणि त्याच हातानं, भागीबाई, ती इथं या जागेवर बसून हार ओवत होती. ते हार तुम्ही रोज बघितलेत. लोकांनी दसऱ्याला घातले, नवरात्रात घातले, श्रावणात प्रत्येक सोमवारी घातले. देवानं एकही परत पाठवला नाही. ऊठ, काकू. रिक्षा उभी आहे."