पुढची सभा बुडापेस्टला

औयांगसाहेबांची कंपनी भात शिजवायचे कुकर करते. हाँगकाँगच्या वार्षिक सभेत ते दर वर्षी जगाच्या नकाशावर एक नवा लाल ठिपका दाखवतात आणि दर वर्षी भागधारकांचा लाभांश थोडा आक्रसतो. यंदाचा ठिपका हंगेरीत होता. बंद पडलेला कारखाना, मालक साहेबांचाच जावई.

जावयाचा व्यवहार, म्हणून नियमानं साहेबांना मत देता येत नव्हतं. त्यांच्या दोस्तांचे शेअर एका बाजूला, एडिनबराच्या गुंतवणूक फंडाचे दुसऱ्या बाजूला, वजन जवळपास सारखं. निकाल लावणार होत्या हॉलभर बसलेल्या मावश्या. एकेकीकडे चिमूटभर शेअर. त्या येतात सभेनंतरच्या भाजलेल्या बदकाच्या डब्यासाठी आणि केकच्या कुपनासाठी.

फंडाचा माणूस लॅचलन घामाघूम झाला होता. "हा कारखाना घेतला, तर माझी नोकरी गेलीच समज," तो माझ्या कानाशी म्हणाला. मी सभेचा दुभाष्या.

मग उठून तो पारदर्शक कारभारावर बराच वेळ बोलला. मी जमेल तेवढं आखडून सांगितलं.

"काय म्हणतोय गं हा?" फुंग मावशींनी शेजारणीला विचारलं.

"जावयाला पैसे देऊ नका म्हणतोय."

"मग काय मुलाला द्यायचे? तो तर सगळे घोड्यांवर उधळतो. जावई बरा. होकार देऊन मोकळ्या होऊ, बदक गार होतंय."

"विचार करतायत त्या," मी लॅचलनला म्हटलं.

मावशींचा होकार साहेबांनीही ऐकला आणि त्यांना उदार व्हायची हुक्की आली. "आमच्या परदेशी मित्रांना इतक्या लांब यावं लागतं. कारखाना आला, की पुढची सभा बुडापेस्टला!"

पिशव्यांची सळसळ थांबली.

"आणि जेवण?" फुंग मावशी उभ्या राहिल्या.

"तिथंच. उत्तम हंगेरियन!"

"डबा आणायला मी विमानानं जाऊ?"

"मावशी, तुम्हाला घरबसल्या टीव्हीवर सभा दाखवू ना!"

"टीव्ही चावून खाऊ का मग? लाड तुमच्या त्या मेल्या जावयाचे, आणि उपाशी आम्ही?"

मतं मोजली. कारखाना आपटला.

लॅचलननं तिथल्या तिथं एडिनबराला आपल्या वरिष्ठांना कळवलं, 'माझ्या भाषणानं सामान्य भागधारक पेटून उठले.' मग मावशींचे दोन्ही हात धरून तो हलवतच राहिला.

मावशींनी हात सोडवून घेतले आणि मला विचारलं, "हा कशानं एवढा खूश झालाय? याला तर पुढच्या वर्षी घराजवळ जेवायला मिळालं असतं!"