तीस दिवसांची नोटीस

अणदूरची शिवरंजनी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कन्नड पुस्तकांचं मराठी करून द्यायची. एका सकाळी मॅनेजरचा फोन आला, "उद्यापासून काम बंद."

"करारात तीस दिवसांची नोटीस लिहिलीय, सर."

"ते कोण वाचतं, मॅडम?"

"मी वाचलंय. सही करायच्या आधी."

"कशाला वाकड्यात शिरतीस? पुन्हा काम देणार न्हाईत," आई, उमाबाई, पुटपुटली. शिवरंजनीनं ऐकलं नाही. त्या कलमाचा फोटो जोडून तिनं रीतसर पत्र धाडलं.

तिसऱ्या दिवशी महिनाभराचं काम आलं. तिनं ते चोख पुरं केलं. मॅनेजर म्हणाला, "पुढंही करा की."

"न्हाय जमणार," ती म्हणाली. सोलापूरच्या एका प्रकाशकाचं काम तिनं त्याच महिन्यात धरलं होतं. उमाबाईनं गव्हाची हुग्गी, गुळाची गोड खीर, शिजवली.