निळ्या रेघेपासून वीस सेंटिमीटर

जूनमध्ये मी तीन देशांत तीन शर्यती खेळले आणि तिन्ही मिळून सात वेळा नळीला लागले.

कनू स्लॅलम हा खेळ आमच्याकडं कुणी पाहिलेला नाही. त्यामुळं घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो समजावून सांगत होते. खळाळत्या पाण्यावर आडव्या तारा असतात, तारांना नळ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. एक जोडी म्हणजे एक गेट. हिरव्या गेटमधून पाण्याबरोबर उतरायचं, लाल गेटमधून वळून पाण्याच्या विरुद्ध वर चढायचं. नळीला वल्हं, खांदा, कयाकचं, म्हणजे त्या अरुंद होडीचं टोक, काहीही लागलं की वेळेत दोन सेकंद वाढतात. पहिल्या शर्यतीत माझी उपांत्य फेरी एक पूर्णांक एक सेकंदानं हुकली. दंड चार सेकंदांचा होता. दुसऱ्या शर्यतीत तीन पूर्णांक चार सेकंदांनी, दंड सहा. तिसऱ्या वेळी तर पुरता एक सेकंदही नव्हता.

लोक हे सगळं ऐकून घेत आणि मग म्हणत, "होणारच गं. वडील जाऊन दिवस तरी किती झालेत."

बाबा अकरा एप्रिलला गेले, सकाळी, दाढी करताना. मी मेच्या शेवटी निघाले तेव्हा विमानतळावर आई म्हणाली होती, त्यांच्यासाठी जा. त्या वाक्यानं जाताना बरं वाटलं होतं. परत येताना त्याचा राग येत होता. लोकांच्या सांत्वनाचाही येत होता, कारण माझ्याकडं दुसरं कारण नव्हतं. मी व्हिडिओ शंभरदा पाहिले. सातपैकी सहा वेळा लाल गेट होतं आणि सहाही वेळा कयाकचं नाक आतल्या नळीला लागलं होतं. दुःखामुळं माणसाचा हात चुकत असेल. पण दर वेळी एकाच जागी कसा चुकेल?

संघटनेचे सचिव काकासाहेब यांचा फोन आला. उरलेल्या दोन शर्यती ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये होत्या. नाव वीस जुलैपर्यंत कळवायचं होतं.

"या वर्षी थांबलीस तरी कुणी काही म्हणणार नाही, चारुता," ते म्हणाले. "मनातनं सावर आधी. तुझ्या जागी दुसरी मुलगी तयार आहे."

"मी वीसपर्यंत सांगते."

"स्वच्छ जातेयस का, तेवढं बघ. तेवढंच."

स्वच्छ हा बाबांचा शब्द होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी पाचोडच्या अलीकडं, एका लहान कालव्यावर सहा गेटं उभारली होती. तिथं कालवा उतारावरून घसरत येतो आणि शंभरेक मीटर चांगला उसळतो. परवानगीचं पत्र, तारा, काठावरचे लोखंडी खांब, तांबड्या-हिरव्या रंगाच्या प्लास्टिकच्या नळ्या, सगळं त्यांचंच. खेळाचं नियमपुस्तक त्यांनी छापून आणून पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. कालव्याला पाणी सुटलं की आम्ही जायचो. ते काठावर खुर्ची टाकून बसत, माझी वेळ लावत, आणि वहीत लिहीत. नळी लागली तर दोन. नाही लागली तर 'स्वच्छ'. शेवटच्या आवर्तनातल्या, म्हणजे मार्चमध्ये पाणी सुटलं तेव्हाच्या, चाळीस फेऱ्यांपैकी सदतीस फेऱ्यांपुढं तो शब्द आहे. शिबिराला गेले की मात्र मी घासायचे. परकं पाणी आहे, असं आम्ही दोघं म्हणायचो.

त्या वर्षी जुलैत पावसानं ओढ दिली आणि पिकांसाठी धरणातून पाणी सोडलं. कालव्यावरचे पाटकरी पुंजारामकाका यांचा फोन आला, "ताई, पाणी सुटलंय. सहा दिस राहील म्हणत्यात. साहेब असते तर म्या त्यास्नीच फोन केला असता."

त्या दिवशी चौदा तारीख होती. सहा दिवस माझ्यासाठी बरोबर होते. एवढ्या दिवसांत कारण सापडलं नाही तर काकासाहेबांना नको म्हणून सांगायचं, हे मी ठरवलं.

हिमांशूनं, माझ्या धाकट्या भावानं, कंपनीतून रजा काढली. पडेगावातल्या घरून कयाक गाडीच्या टपाला बांधून आम्ही निघालो. पाचोडला आठवडी बाजार होता आणि गाडी गर्दीत अडकली. भेंडीच्या पाट्या घेऊन बसलेल्या एका बाईनं टपाकडं पाहिलं.

"पाळणा हाय का ग बाई?"

"होडी आहे, मावशी," हिमांशू म्हणाला.

"हितं प्यायाला पाणी नाय, अन् तुमी होडी आनली," ती म्हणाली आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. "एवढी लांबडी. नवरा-बायकू दोघं मावतील."

"भाऊ आहे माझा," मी म्हणाले.

"मग कशाला मोठी घेतली?"

दोघी हसत राहिल्या. हिमांशूही हसला. मला हसू येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी आठ फेऱ्या केल्या. बाबांच्या खुर्चीत हिमांशू बसला आणि वही मांडीवर घेऊन ओरडत राहिला. "स्वच्छ, पंच्याण्णव पॉइंट दोन. स्वच्छ, चौऱ्याण्णव पॉइंट सात." दुसऱ्या दिवशीही तेच. लाल गेटपाशी मी कयाकची शेपटी पाण्यात दाबत होते, नाक वर उठत होतं, आणि सगळी कयाक त्या शेपटीवर गर्रकन फिरून नळीखालून निघून जात होती. तिकडं केलं होतं तेच मी इथं करत होते. इथं लागत नव्हतं.

"मग प्रश्न काय आहे?" हिमांशू म्हणाला. "येतंय की तुला. तिकडं डोकं ठिकाणावर नसेल."

"तूसुद्धा म्हण."

"काय चूक बोललो? ताई, तू रडलीससुद्धा नाहीस. ते कुठून तरी बाहेर येणारच."

मी वल्हं गवतावर टाकलं. जोरात टाकलं असावं, कारण पुंजारामकाका कालव्याच्या भिंतीवरून उठून आमच्याकडं आले. त्यांनी चहाची किटली पुढं केली, आणि हिमांशूच्या हातातल्या मोबाइलवर माझी जूनमधली प्रागची शर्यत चालू होती, ती वाकून बघू लागले.

"हे पानी कुठलं?"

"परदेशातलं. ही ताईच."

"लई निवळ हाय." ते बराच वेळ बघत राहिले. "ही नळी खाली हाय, ताई."

"कुठं?"

"हितं बघा. पान्यापासून ईतभर. आपली हातभर हाय."

मी मोबाइल घेतला. चित्र थांबवलं. मग कालव्याकडं पाहिलं. पस्तीस वर्षं पाण्याची पातळी मोजण्यात घालवलेल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं होतं. मी महिनाभर तोच व्हिडिओ बघत होते आणि माझे डोळे माझ्या हातांवर, चेहऱ्यावर, कयाकच्या नाकावर होते. नळीच्या खालच्या टोकावर नव्हते.

हिमांशूनं गाडीतून टेप आणली. काठावरून दोरी ओढली की नळी तारेवरून सरकत जवळ येते. आम्ही लाल नळी जवळ घेतली आणि मोजलं. खालच्या टोकापासून पाण्यापर्यंत बावन्न सेंटिमीटर.

"नियम किती?" हिमांशूनं विचारलं.

"वीस."

"बाबा बत्तीस सेंटिमीटर चुकतील?"

बाबा भिंतीत खिळा ठोकायलाही पाणसळ लावत. वीस सेंटिमीटर हे शब्द त्यांच्या नियमपुस्तकात दोनदा अधोरेखित आहेत.

"साहेब चुकले नाय," पुंजारामकाका म्हणाले. त्यांनी कालव्याच्या भिंतीवरच्या मापपट्टीकडं बोट केलं. पट्टीवर वरच्या बाजूला एक निळी रेघ होती, फिकट झालेली. "त्यांनी त्या रेघंपासनं मापलं. कालवा पुरा भरला की पानी तिथं लागतंय."

मी पाहिलं. रेघ पाण्याच्या वर होती. तीस-बत्तीस सेंटिमीटर वर.

"कधी लागतं?" मी विचारलं.

"म्या नोकरीला लागल्यापासून तर लागलं नाय."

"तुम्ही बाबांना हे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. नळ्या बांधत होते तवाच सांगितलं, साहेब, पानी एवढं वर येत नाय. म्हनले, पुंजाराम, कालवा ज्या मापाचा हाय त्याच मापानं बांधायचं. भरंल तवा बराबर व्हईल."

बाबा हे कसं म्हणाले असतील ते मला ऐकू आलं, अगदी शांतपणे, वर न बघता. नोकरीतल्या पहिल्या वर्षी त्यांनी या कालव्याची रेखाटनं केली होती. आमच्या लहानपणी ते पाटीवर कालव्याचा छेद काढून दाखवत आणि निळ्या खडूनं थेट वरच्या रेघेपर्यंत पाणी भरत. पुढं तीस वर्षं ते शेतकऱ्यांना, पुढाऱ्यांना आणि वरिष्ठांना पाणी त्या रेघेपर्यंत का येत नाही याची उत्तरं देत राहिले. ती रेघ त्यांनी कधी सोडली नाही, हे मला माहीत होतं. माझी गेटंही तिच्याच मापानं बांधली होती, हे माहीत नव्हतं.

आणि सदतीस वेळा स्वच्छ लिहिलं होतं.

मला राग आला. हे भांडण घरी, जेवणाच्या टेबलावर व्हायला हवं होतं. मी ताट सरकवलं असतं, त्यांनी नियमपुस्तक आणलं असतं, आई म्हणाली असती पुरे करा दोघं. तासाभरानं ते टेप घेऊन गाडीत जाऊन बसले असते, माफी न मागता. ते सगळं आता मला एकटीला, दोन्ही बाजूंनी, करायचं होतं. आणि तेही बाजूला ठेवायचं होतं, कारण पाण्याचे चार दिवस उरले होते.

"खाली घ्यायच्या," मी म्हणाले. "सगळ्या."

गाठी सुटेनात. तारा खांबांना वेल्ड केलेल्या होत्या, म्हणजे नळीच्या दोऱ्याच लांब करायच्या होत्या, आणि बाबांनी नायलॉनच्या दोरीला गाठीवर गाठ मारून वर डांबर लावलं होतं. पुंजारामकाकांनी विळा आणला. हिमांशू नळी धरून उभा होता.

"ताई, एखादी राहू दे ना. त्यांच्या हातची."

"एखादी ठेवली तर मी तिथं चुकीचंच शिकेन."

"तसं नाही. काढून घरी नेऊ. गाठ."

"ने."

बारा दोऱ्या मी कापल्या. नव्या दोऱ्या पुंजारामकाकांनी बांधल्या, ओढली की सरकेल अशा फासाच्या. हिमांशूनं कापलेली एक गाठ खिशात टाकली. डांबरानं त्याची पँट खराब झाली, ते त्याला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशीची पहिली फेरी: पाच वेळा लागलं. हिमांशूनं वहीत दहा लिहिलं. दुसऱ्या फेरीत चार वेळा. नाक खाली ठेवायचं तर कयाक फिरत नव्हती, फिरवायची तर नाक उठत होतं. तिसऱ्या फेरीत दोन्ही सांभाळताना मी गेटच चुकवलं. संध्याकाळपर्यंत माझे तळवे सोलून निघाले होते. जी गोष्ट मला नीट येते असं मी आणि माझे वडील समजत होतो, ती मला येत नव्हती.

चौथ्या दिवशी तीन वेळा, तीन वेळा, चार वेळा. पाचव्या दिवशी दोन वेळा. वेळ मात्र एकशे तीनवर गेली होती. लाल गेटपाशी मी आता नाक न उचलता थोडं आधी, लांबून वळत होते. ते कुरूप दिसत होतं. हिमांशू वहीत नुसते आकडे लिहीत होता.

सहाव्या दिवशी, म्हणजे एकोणीस तारखेला, दुपारी काकासाहेबांचा फोन आला. मी अंगावरच्या ओल्या कपड्यांनी गाडीच्या सावलीत बसले होते.

"उद्या नाव द्यायचंय. स्वच्छ जातेयस का?"

"नाही."

"मग?"

"आधी जात होते, ते खोटं होतं. आता का लागतं ते कळलंय. नाव द्या माझं."

"बघ हं. तिकडं पुन्हा दंड घेऊन आलीस तर पुढच्या वर्षी मला तुझी बाजू मांडता येणार नाही."

"मांडू नका," मी म्हणाले. ते थोडे दुखावले असावेत. नाव देतो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उन्हं उतरल्यावर मी शेवटच्या फेरीसाठी गेले. पाचव्या गेटपर्यंत काही लागलं नाही. सहावं लाल होतं. मी वळले, नाक खाली होतं, अंग आत घेतलं, आणि जाता जाता माझ्या खांद्याच्या मागं अगदी हलकं, कापड घासावं तसं काही जाणवलं. वर आले तेव्हा नळी स्थिर होती.

हिमांशू खुर्चीतून उठला होता. "स्वच्छ! शंभर पॉइंट चार."

"लागलं," मी म्हणाले.

"कुठं लागलं? मी बघत होतो. नळी हललीसुद्धा नाही."

"काका, तुम्ही सांगा."

पुंजारामकाका भिंतीवर बसले होते. ते पाण्याकडं बघत म्हणाले, "माजं ध्यान नव्हतं, ताई." ते खोटं बोलत होते.

"दोन लिही," मी हिमांशूला म्हणाले.

"ताई, सहा दिवसांत एक तर—"

"दोन लिही, हिमांशू."

त्यानं लिहिलं. मागच्या पानांवर बाबांच्या अक्षरातल्या मार्चमधल्या फेऱ्या होत्या, सरळ, एकाखाली एक. मी वही मागून घेतली. त्या दिवशीचा राग अजून होता. त्या फेऱ्यांपुढं मी काही बदललं नाही. फक्त समासात, पेन्सिलीनं, नळीची उंची लिहिली: बावन्न. आणि आमच्या फेरीपुढं: वीस.

अजून अर्धा तास उजेड होता. पुंजारामकाका मापपट्टीपाशी वाकले. वरून पाणी बंद केलं असावं. भिंतीवर ओल्या कडेची एक पट्टी दिसायला लागली होती.

"ताई, पानी चार बोटं उतरलं," ते म्हणाले. "नळ्या पुन्यांदा वर झाल्या बघा."

"खाली घ्या," मी म्हणाले, आणि कयाक ओढत वर घेऊन जायला लागले.