करू ना

यांना लकवा झाला तो दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. मनात आलं, हे तर पुष्कळ नवऱ्यांचं असतं. पण हसू आलं नाही. रडूही आलं नाही. लकवा त्यांना झाला आणि बधिरपण माझ्या वाट्याला आलं, असंच काहीतरी झालं असावं.

एकच शब्द उरला होता, नाय. चहा घेता का? नाय, आणि डावा हात कपासाठी पुढं. पंखा लावू? नाय, आणि नाही लावला तर माझ्याकडं बघत राहायचे. पंधरा दिवसांत मला कळलं, या माणसाचं कानानं ऐकायचं नाही, हाताकडं बघायचं.

चितेगावच्या कंपनीतून बाहेर पडल्यावर यांनी पैठण रोडला पाण्याचा प्लांट टाकला होता. एक बोअर, पाणी गाळायचं एक मशीन, थंड करायचं दुसरं, आणि निळे जार. दाराशी माठ आणि त्यावर पेला. पेल्याला साखळी नाही. लोक म्हणायचे, राजकुमारदादा, चोरीला जाईल. सात-आठ गेलेही. हे दर वेळी नवा आणायचे. तहानलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही, हा यांचा एक नियम. दुसरा, पिणाऱ्याचं आधी, बांधणाऱ्याचं नंतर.

आता ते नियम आणि ते मशीन, दोन्ही माझ्याकडं आले होते. शाळा माझी आठवीपर्यंत. मशीन मी उघडून-लावून आणि फोनवर बघून शिकले. जार उचलायला मात्र कुठलाच फोन शिकवत नाही. एप्रिलपर्यंत माझी कंबर रोज संध्याकाळी माझ्याशी भांडायला लागली.

पावसानं आदल्या वर्षी दगा दिला होता. नाथसागराचा तळ दिसत होता. जमिनीतलं पाणी खाली चाललं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इमारती वर चालल्या होत्या. त्यातली एक देवेशची. हा तरुण बिल्डर, बोलायला गोड. त्याला पावसाळ्यापर्यंत बोअरचं सगळं पाणी स्लॅबसाठी हवं होतं. जारांचा धंदा तेवढे दिवस बंद ठेवायचा, टँकर तो लावणार, मी नुसतं बसायचं.

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. नुसतं बसायचं, हे शब्द ऐकून जानेवारीपासून पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं. पण सव्वाशे घरं आमचंच पाणी पीत होती, आणि यांचा नियम मला पाठ होता. मग मी बायकांची जुनी वाट धरली. म्हटलं, बोअर त्यांच्या नावावर आहे, त्यांना विचारा. देवेशनं विचारलं, दादांना बोलता येत नाही ना वहिनी? मी म्हटलं, लिहून पाठवा, वाचतात.

फोन यांच्याजवळ असायचा त्याचं कारण मृण्मयी मॅडम. औरंगपुऱ्यात त्यांचा दवाखाना, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात. त्यांनी युक्ती सांगितली होती. व्हॉट्सॲपवर माझं नाव उघडायचं, कीबोर्डवरचं माईकचं चित्र दाबून शब्द बोलायचा, फोन तो लिहितो, आणि तो मला पाठवायचा. फोननं बरोबर लिहिलं तर समजायचं, उच्चार जमला. माणसं माया करून अर्धा शब्द समजून घेतात, फोन घेत नाही, असं त्या म्हणाल्या.

शब्दांची यादी भिंतीवर चिकटवली होती. पाणी, भाकर, डाळ, असे. रोज अकराला मी प्लांटवर असताना माझ्या फोनवर एकेक शब्द यायचा. पाणी म्हणताना फणी यायचं, मग राणी. भाकरीचा भास्कर झाला. मी जार भरता भरता प्रत्येकाला उत्तर द्यायची, "पोचलं."

यादीत सगळ्यात खाली माझं नाव होतं, मॅडमच्या अक्षरात. जोडाक्षर नाही तरी अवघड जाईल म्हणाल्या. मी एकदा स्वतःच माईक दाबून म्हणून पाहिलं, करुणा. फोननं लिहिलं, करू ना. म्हटलं, बाबा, वीस वर्षं दुसरं काय करतेय?

तीन महिन्यांत ते नाव काही आलं नाही. वाट बघत होते का, तर होते. पण वाट बघताना जे वाटायला हवं ते वाटत नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी टँकर येऊन दाराशी लागला. ड्रायव्हर सांडू खाली उतरून पाइप सोडायला लागला. मी विचारलं, कुणी सांगितलं? तेवढ्यात मागून देवेश गाडीतून उतरला, खुश होता. दादांनी होकार दिला म्हणाला, आणि फोन माझ्यासमोर धरला.

वर त्याचं विचारणं होतं. दादा, पावसाळ्यापर्यंत बोअरचं सगळं पाणी आमच्या साइटला, व्यवहार करू या का? खाली अकरा वाजून दहा मिनिटांनी यांचं उत्तर.

करू ना.

मी माझा फोन काढला. त्या दिवशी एकही शब्द आला नव्हता. कामाच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. देवेशचा निरोप नुकताच आलेला, म्हणून तो सगळ्यात वर. रोज वरचं नाव माझं असतं. डाव्या अंगठ्यानं यांनी नेहमीसारखं वरचं नाव उघडलं होतं.

सांडू पाइप हातात घेऊन माझ्याकडं बघत होता. मी गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. होकार तर लेखी होता, तोही खुद्द मालकाचा. मला जे हवं होतं ते दाराशी येऊन उभं होतं. फक्त ते घेतलं की तो होकार ठरणार होता, आणि होकार ठरला की ती हाक राहणार नव्हती.

"हा होकार नाही," मी म्हटलं. "हे माझं नाव आहे."

देवेशला वाटलं, मी भाव वाढवतेय. "असं कसं वहिनी? सरळ लिहिलंय ना."

मी त्याच्याच फोनचा माईक दाबला आणि म्हटलं, करुणा. दोन शब्द उमटले. सांडू मान लांब करून बघत होता.

"बराबर हाय की सायेब," तो म्हणाला. "भाभीचं नावच तसं हाय. आता नावाचं पाणी कसं भरायचं?"

देवेश हसला नाही. पाणी द्यायचं नव्हतं तर आधीच सांगायचं, तुमचा बोअर तसाही महिना काढत नाही, असं बोलून तो गेला. बोअरचं त्याचं खरं ठरलं, अठरा दिवसांत आटला. तोवर सव्वाशे घरं आमचं पाणी प्यायली. सांडूनं पाइप गुंडाळला, माठातलं दोन पेले पाणी प्यायला आणि पेला जागेवर पालथा ठेवला.

मी शटर ओढून घरी आले. शेजारच्या कडूबाई दुपारपर्यंत यांच्याजवळ बसायच्या. त्या डाळ निवडत होत्या. मी विचारलं, सकाळी हे काही बोलले का?

"बोलले की कायतरी," कडूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, खोकले."

हे खाटेवर बसलेले, फोन मांडीवर. पडद्यावर देवेशचंच नाव उघडं होतं आणि खाली ते दोन शब्द. त्याखाली काही नाही. सकाळपासून हे माझ्या 'पोचलं'ची वाट बघत होते.

मी समोर स्टुलावर बसले. हातपाय धुवायचेही राहिले होते.

"अहो," मी विचारलं, "मला हाक मारली होती का?"

"नाय," ते म्हणाले, आणि डावा हात पुढं केला.

माझ्या हातात कप नव्हता.