भिंतीपलीकडच्या आजींसाठी

नील्दा कवळ्या बनवायची. ला प्लाता शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या टेबलावरून गेलेलं. काम करताना ती फक्त बातम्या ऐकायची, कारण बातम्यांनी हात थरथरत नाही.

भाचीनं, हास्मीननं, तिच्या फोनवर एक अल्बम घालून दिला तो असाच, आत्याचा चेहरा जरा सैल व्हावा म्हणून. इथल्याच पोरांचा बँड, नाव 'ओले कपडे'. रॉक म्हटल्यावर नील्दानं आधी आवाज कमी केला. मग थोडा वाढवला. मग वाढवतच गेली, कारण ही पोरं ओरडतच नव्हती. गिटार पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. ताल कुणीतरी सुटकेसवर बोटांनी धरलेला. आणि गाणारा असा गायचा, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येता कामा नये. एका गाण्यात तो भावाला बसस्टँडवर सोडायला जातो आणि भावाचे केस अजून ओलेच असतात, बस्स, एवढंच. त्या ओल्या केसांपाशी नील्दाला दर वेळी रडू यायचं. त्रेपन्नाव्या वर्षी, हातात कुणाची तरी खालची कवळी धरून.

"आत्या, तू प्रेमात पडलीयेस."

"गप गं. बरं गातो, एवढंच म्हटलं मी."

"सकाळपासून तेच म्हणतेयस. रविवारी दुपारी क्लबात वाजवणार आहेत. लिपस्टिक लाव."

तिनं लावली. तिची तिलाच लाज वाटली, पण पुसली नाही.

क्लबच्या हॉलमध्ये हास्मीननं अगदी पुढच्या खुर्च्या धरल्या. पोरं समोर आली आणि नील्दा खुर्चीत खाली सरकली. गाणारा म्हणजे उलिसेस. तिच्याच बोळातला, भिंतीला भिंत लागून राहणारा काटकुळा उलिसेस. त्याच्यामागे तादेओ, पुढ्यात सुटकेस घेऊन.

ही पोरं राहायला आली तेव्हा भर दुपारी, सगळं शहर आडवं झालेलं असताना, ड्रम बडवायची. नील्दानं त्यांना बोळात गाठून सांगितलं होतं, "माझी आई आजारी आहे. दुपारचा जरा डोळा लागतो तिचा." एकट्या बाईचं डोकं दुखतं म्हटलं असतं तर पोरं हसली असती. आईचं नाव काढल्यावर दोघांच्या माना खाली गेल्या. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यानंतर भिंतीतून नुसती कुजबुज यायची. उलिसेस भेटला की विचारायचा, "आजी कशा आहेत?" "आहे तसंच," ती म्हणायची. एकदा त्यानं आजींसाठी दालचिनी घातलेली तांदळाची खीर आणून दिली. नील्दानं ती ओट्याशी उभ्या उभ्या संपवली.

शेवटच्या गाण्याआधी उलिसेस माइककडे वाकला.

"सगळे विचारतात, एवढं हळू का वाजवता. आमच्या शेजारी एक आजारी आजी आहेत. आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांची झोप मोडू नये म्हणून तादेओनं ड्रम माळ्यावर टाकले, आणि आम्ही असं वाजवायला शिकलो. हा अल्बम त्यांचाच आहे."

टाळ्या पडल्या. हास्मीनच्या सगळ्यांत जोरात. मागे कुणीतरी नाक ओढलं. नील्दानं पर्स उघडली, बंद केली.

गाणं संपताच ती उठली, पण उलिसेसनं तिला पाहिलं होतं. तो उडी मारून खाली आला. "नील्दाबाई, तुम्ही इथे? मग आजींजवळ कोण आहे?"

"कुठल्या आजी?" हास्मीननं विचारलं.

"आई गेली," नील्दा घाईनं म्हणाली.

उलिसेसचा चेहरा पडला. त्यानं तिला मिठीत घेतलं. "कळवायचं तरी. आम्ही आलो असतो. आमच्या आवाजानं तर..."

"नाही रे."

इथंच थांबलं असतं तर खपून गेलं असतं. त्याच्या खांद्यावरून तिला हास्मीन दिसत होती. पोरगी आत्या आता काय बोलते तेवढं बघत होती.

"तुम्ही राहायला यायच्या आधीच गेली होती," नील्दा त्याच्या शर्टात म्हणाली. "मला आवाज नको होता, म्हणून तसं सांगितलं."

त्याचे हात सुटायला वेळ लागला.

"आणि खीर?" तादेओनं विचारलं.

"मी खाल्ली."

तादेओला हसू आलं. उलिसेसला नाही. "म्हणजे मी रोज तुम्हाला..." वाक्य त्यानं सोडून दिलं. "उद्या दुपारी ड्रम खाली काढतो आम्ही."

"काढा."

"जोरात वाजतात."

"माहीत आहे."

तिला त्या ओल्या केसांबद्दल सांगायचं होतं. आता कोणत्या तोंडानं सांगणार?

बसमध्ये हास्मीन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या आजीला पुढं केलंस, आत्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रम सुरू झाले. फळीवरच्या कवळ्या एकमेकींवर कडकड वाजायला लागल्या. त्या धडधडाटाखाली उलिसेस गात असावा. मधूनच एखादा सूर वर यायचा आणि लगेच दडपला जायचा. शब्द एकही कळत नव्हता.

नील्दानं कवळ्या एकेक करून खाली जमिनीवर ठेवल्या, खुर्ची भिंतीपाशी ओढली, आणि भिंतीला कान लावून बसली.