डोळ्यांचा फोल्डर

उद्या दहावा, आणि फोटो नाही. म्हणून चांगुणा सकाळीच जावयाला आणि नातीला घेऊन जामखेडच्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन बसली. लेकीचा फोटो म्हणजे काय, तर आधार कार्डाची झेरॉक्स. तीही झेरॉक्सची झेरॉक्स. सुकन्याच्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. बाकीचे फोटो तिच्या मोबाईलमध्ये होते, आणि मोबाईल उसाच्या ट्रॉलीखाली तिच्यासंगच चेंदला गेला.

दुकानातली दिपाली म्हणाली, हातानंच काढावं लागंल. तिनं एक जुना टॅब पुढं ओढला. भावाला शाळेतनं मिळालेला, कोपऱ्यात काच तडकलेली, आता वायरनं कॉम्प्युटरला जोडलेला. ती टॅबवर पेन फिरवायची. टॅब काळाच्या काळा, आणि रेघ उमटायची समोरच्या मोठ्या स्क्रीनवर. चांगुणा टॅबवरच वाकून लेक कधी दिसतीय ते बघत बसली.

"मावशी, इथं काय दिसायचं न्हाई. हात इथं, चेहरा तिथं."

नाक कसं होतं, असं दिपालीनं आधी सुकन्याच्या नवऱ्याला विचारलं. वैजनाथनं डोकं खाजवलं. म्हणाला, नाक आपलं नाकासारखं.

"भाऊ, सात वर्सं संसार केला ना?"

तो भिंतीवरच्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सकडं बघायला लागला.

मग चांगुणाच सांगत सुटली. हनुवटी बारीक. नाक सरळ. गाल आत गेलेले. खालचा ओठ डाव्या अंगानं जाड. भुवईच्या वर बोटभर चीर. पापण्या जड, खाली आलेल्या. तिला एकदाही अडखळावं लागलं नाही. चेहरा वर यायला लागला तसा तिला हुरूप आला. असंच, असंच, म्हणायला लागली.

पाच वर्षांच्या दिशानं स्क्रीनकडं एकदा बघितलं आणि आजीच्या पदरामागं गेली.

"आजी, ही दवाखान्यातली हाय."

दिपालीचं पेन थांबलं. चांगुणा पण थांबली. लेक दोन वर्षं माहेरी आलीच नव्हती. दसरा झाला की ऊसतोडीचा कोयता, तिकडनं माघारी आली की सासरची खुरपणी. चांगुणानं तिला बघितली ती थेट चिरफाड झाल्यावर, आंघोळ घालताना. तेच तोंड तिनं आता रेघ न् रेघ सांगितलं होतं.

एरवी गिऱ्हाइकावर खेकसणारी दिपाली आता हळूच एकेक रेघ मागं घ्यायला लागली. पापण्या गेल्या. चीर गेली. ओठाची सूज उतरली. गाल भरले.

"थांब. हितंच थांब," चांगुणा म्हणाली.

कपाळ सुकन्याचं. नाक तिचं, हनुवटी तिची. डोळ्यांच्या जागी मोकळं.

डोळे उघडे असताना कसे दिसायचे, दिपालीनं विचारलं. चांगुणानं आपले डोळे झाकून आठवून बघितलं. मिटलेलेच आले. परत झाकले. परत मिटलेलेच. दिपालीनं दिशाची हनुवटी वर करून बघितली, पण चांगुणानं मान हलवली. पोर सगळी बापावर गेलेली.

वैजनाथ उठला. टेम्पोवाला खोळंबलाय, कसले बी घाला, हार घातल्यावर कोन बघतंय.

दिपालीनं एक फोल्डर उघडला. स्क्रीनभर डोळे. मागच्या मागच्या कामांतले, बायांचे, नुसते डोळे, ओळीनं. वैजनाथनं बोट ठेवलं एका जोडीवर. दिपालीनं चांगुणाकडं बघितलं.

"कोनाचं हायेत गं हे?"

"म्हाईत न्हाई मावशी. लई जुनं हायेत."

चांगुणानं नाही म्हटलं नाही. नाही म्हणून सांगायला तिच्याजवळ दुसरे होते कुठं?

दहाव्याला ओढ्याच्या काठी फोटो मांडला. बाया आल्या, फोटो बघितला आणि रडायला लागल्या. हुबेहूब सुकन्या, म्हणाल्या, आत्ता हाक मारील. कुणीतरी दिशाला उचलून फूल वाहायला लावलं आणि विचारलं, ही कोन गं? दिशानं फूल फोटोपाशी ठेवलं. मग म्हणाली, आई.

चांगुणानं डोळे झाकले. आता मिटलेले डोळे आले नाहीत. उघडे आले, टक्क, त्या कुठल्या तरी बाईचे.