हाडांच्या वॉर्डातलं गाणं

गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना पेटीमावशी म्हणत. बाहेरच्या खोलीत मुलं पेटीवर गाणं शिकायची आणि मावशी स्वयंपाकघरातून त्यांचे सूर दुरुस्त करायच्या. "वरचा सा लागला नाही हं!" असं ओरडून त्याच दमात त्या नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, दूध बघा!" कोणतं वाक्य कोणाला, हे कळायला सवय लागायची. एकदा एका नव्या मुलीने गाणं अर्धवट सोडून, धावत जाऊन गॅस बंद केला होता.

बारा वर्षांपूर्वी सासूबाईंचा पाय मोडला आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. सासूबाईंनी सिस्टरांच्या नाकी नऊ आणले. सून गुणगुणायला लागली की तेवढ्यापुरत्या गप्प बसायच्या. मग शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "जरा मोठ्याने म्हणा ना." सासूबाई महिन्याने घरी आल्या, पण मावशींचं हॉस्पिटलात जाणं सुटलं नाही. दर गुरुवारी दुपारी पाच मैत्रिणी आणि पेटी घेऊन त्या आळीपाळीने एकेका वॉर्डात गायच्या. पेशंट डोळे मिटून ऐकायचे. ती तल्लीनता बघून मावशींना कृतार्थ वाटायचं.

यंदा त्यांच्या यजमानांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवली. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर लावले. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "गुरुवारी मीही येतो तुमच्यात गायला."

यजमान तालाला पक्के होते, पण सूर म्हणजे मोकाट सुटलेला बैल, कोणाच्या अंगणात शिरेल त्याचा नेम नाही.

"आई, तू शिकणाऱ्या मुलांना तोंडावर सांगतेस ना, सूर लागत नाही म्हणून?" मुलगी म्हणाली. "मग बाबांना सांग की."

"त्या मुलांबरोबर मला संसार करायचा नाहीये."

शेवटी मावशींनी तोडगा काढला. "हे बघा, तुम्ही पेटी उचला आणि ताल धरा. गाणं मनातल्या मनात म्हणा."

"मनातल्या मनात?"

"हो. मनातल्या मनात फार छान गाता तुम्ही."

त्या गुरुवारी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डाची पाळी होती. चौदा खाटा, कोणाचा पाय टांगलेला, कोणाचा हात गळ्यात. पहिलं गाणं सुरळीत पार पडलं, डोळे मिटले. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला मात्र यजमानांचं मन भरून वाहिलं. हात लॉकरवर ठेका धरून होता आणि तोंडातून असा काही आवाज निघाला, की पाचही मैत्रिणी एकदम थांबल्या.

तिसऱ्या खाटेवर मांडीला प्लास्टर घातलेले एक बसड्रायव्हर होते. त्यांनी खाडकन डोळे उघडले.

"काका, असं नाही हो ते! असं आहे." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. ते काकांपेक्षा भयंकर होतं.

"दोघंही गप्प बसा," पलीकडचा न्हावी प्लास्टरचा हात वर करून म्हणाला. "मी म्हणतो."

बघता बघता अकरा जण गायला लागले, ज्याचा त्याचा सूर ज्याच्या त्याच्या खाटेपुरता. यजमान लॉकर बडवून सगळ्यांना एका ठेक्यात हाकत होते. मावशींचे हात पेटीवर तसेच राहिले. तेवढ्यात मोठ्या सिस्टर धावत आल्या.

"माफ करा," मावशी कशाबशा म्हणाल्या. "पुन्हा यांना आणणार नाही."

"आणाच!" सिस्टर म्हणाल्या. "पडून पडून छातीत कफ साठतो, छाती भरून श्वास घ्या, म्हणून सांगता सांगता माझा घसा बसलाय. आज बघा, न सांगता घेताहेत. आणि रागावू नका हं मावशी, पण तुमच्या गाण्याने हे दुपारभर ढाराढूर झोपतात आणि रात्रभर घंटा वाजवून मला छळतात."

मावशींना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे बारा वर्षं आपण जिला तल्लीनता समजत होतो, ती झोप होती!

घरी येताना त्या तरातरा पुढे निघाल्या. यजमान पेटी सांभाळत मागून चालत होते. "चुकलं माझं. पुढच्या वेळी नाही येत," ते दोनदा म्हणाले. मुलीने सगळी हकीकत ऐकली आणि हसून हसून ती फरशीवरच बसली. मावशी आधी तिच्यावर चिडल्या. मग त्यांना सिस्टरांचा चेहरा आठवला, न्हाव्याचा तो ऐटीत वर केलेला प्लास्टरचा हात आठवला, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"मी इतकं नीट गायचे की त्यांना तोंड उघडायची हिंमतच झाली नसेल," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांना ऐकून प्रत्येकाला वाटलं, एवढं तर मलाही येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांना पेटीसमोर बसवलं. तासभर एकच सा चालला होता.

"लागला?"

"नाही. पण निदान आपल्या गल्लीत आलात."

पुढच्या गुरुवारी सिस्टरांच्या आग्रहाने पुन्हा हाडांचाच वॉर्ड घेतला, तर सगळे उशीला टेकून आधीच बसले होते. न्हाव्याने फर्माइशींची यादी करून ठेवली होती. मावशींनी खालच्या पट्टीतली, सोप्या ध्रुपदाची गाणी निवडली आणि बेसुरांकडे कानाडोळा करायला त्या शिकल्या. तेवढं शिकायला त्यांना चार गुरुवार लागले.

महिन्याने ड्रायव्हरना डिस्चार्ज मिळाला, नेमका बुधवारी. एक दिवस वाढवा म्हणून त्यांनी डॉक्टरांना गळ घातली, पण डॉक्टरांनी ऐकलं नाही. तरी गुरुवारी ते वॉकर टेकत टेकत गायला हजर! बरोबर बायको होती. गाणं संपल्यावर ती मावशींना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "घरीसुद्धा दिवसभर हेच चालू आहे हो. यांना गप्प करायला काही उपाय आहे का?"

"असता तर मी आधी माझ्या घरी केला असता," मावशी म्हणाल्या. मग बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली. "बसा. तुम्ही गाता का?"